अंबाडी, अंबाडी, भाजी, भाजी, भाजी

गाण्याच्या कार्यक्रमात लोक गाणाऱ्याकडे बघतात. मी ऐकणाऱ्यांच्या पायांकडे बघते. नवरा कोपराने ढोसतो, "लोकांच्या पायात काय हरवलंय तुझं?" काही हरवलेलं नाही. ही खोड मला आमच्या शाळेतल्या झाडे सरांनी लावली आणि ते गेले तरी ती सुटली नाही. सर गेल्या वर्षी भिलाईला मुलीच्या घरी वारले. मुलीचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. फोन ठेवला आणि उरलेला गठ्ठा तसाच बांधून टाकला, कारण त्या दिवशी मी कोणालाच नीट गुण देऊ शकले नसते.

सर समुद्रपूरच्या शाळेत गणित शिकवायचे, मी मराठी. दोघेही वर्ध्याचे, दोघांचंही रोजचं अप-डाऊन. सकाळच्या एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची तिसरी सीट त्यांची, खिडकी त्यांची, आणि पुढच्या सीटचा लोखंडी दांडाही त्यांचाच. अंगठीच्या बोटाने ते त्यावर ठोके द्यायचे. बारा ठोके. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणसाला काहीतरी काळजी आहे. दुसऱ्या आठवड्यात माझं डोकं उठलं आणि मी विचारलं, "सर, हे काय चाललंय?"

"फ्लॅमेंको," सर म्हणाले. जसं कोणी पोहे म्हणावं तसं.

त्याची कथा अशी. तरुणपणी सरांनी गिटार घेतली. आपल्याकडे त्या वाद्याला सगळे स्पॅनिश गिटार म्हणतात आणि त्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवतात. सरांच्या गणिती डोक्याला हे पटलं नाही. "मॅडम, नावच स्पॅनिश हाय," ते म्हणायचे. "मंग तिच्यावर पिच्चरचे गाणे वाजवाचे म्हणजे पावण्याले घरी बोलवाचं अन् त्याले बोलूच नाई द्याचं." म्हणून स्पेनमधले लोक ती कशी वाजवतात याचा त्यांनी शोध घेतला, आणि त्यात त्यांना हा फ्लॅमेंको सापडला. आधी कुठून कुठून कॅसेटी मिळवल्या, पुढे मोबाईल आल्यावर व्हिडिओ. शिकवायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही. वर्ध्यात बसून एक माणूस वीसेक वर्षं परक्या देशाचा ताल दांड्यावर घोटत होता आणि आम्ही अप-डाऊनवाले त्याला हसत होतो.

तो ताल मला समजला तो सरांमुळे नाही, वहिनींमुळे. सर फळ्यावर लिहिल्यासारखं सांगायचे: बारा मात्रा, त्यांचे तुकडे तीन, तीन, दोन, दोन, दोन, आणि जोर अमक्या ठिकाणी. माझं गणित पहिल्यापासून देवाच्या भरवशावर, त्यामुळे मी मान हलवायची आणि खिडकीबाहेर बघायची. मग एका रविवारी त्यांच्या घरी गेले. शोभावहिनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या आणि तोंडाने पुटपुटत होत्या, "अंबाडी, अंबाडी, भाजी, भाजी, भाजी." बाहेर सर वाजवत होते. लाटणं आणि गिटार एका जागी पडत होतं.

"हे काय हो वहिनी?"

"त्याइचं तीन-तीन-दोन-दोन माह्या ध्यानात राहे नाई वो," त्या म्हणाल्या. "मंग मी भाजी केली त्याची."

अं-बा-डी, अं-बा-डी, भा-जी, भा-जी, भा-जी. बोटांवर मोजून पाहा, बारा भरतात. मला त्या दिवशी कळलं ते आजवर विसरले नाही. सरांनी आधी वहिनींची थट्टा केली म्हणे. पुढे शाळेत मुलांना तालावर टाळ्या वाजवायला शिकवताना तेच वापरलं. सातवीचा अख्खा वर्ग अंबाडीची भाजी ओरडायचा आणि शेजारच्या वर्गात माझं व्याकरण बुडायचं.

रविवारी दहा वाजता सरांकडे बैठक असायची. पाच-सात शेजारी, मी, कधी कोणी पाहुणा. आम्ही सगळे दिवाणावर आणि खुर्च्यांवर. सर मात्र भिंतीला टेकून एका बुटक्या स्टुलावर. मला वाटायचं, काय हा विनय. विनय कसला, त्यांना आमचे पाय बघायचे असत. चपला दाराबाहेर काढलेल्या, पाय उघडे, आणि समोर त्यांचे डोळे बरोबर अंगठ्यांच्या रेषेत. चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "चेहरा त साहेब आले तरी हसते," ते म्हणायचे, "अंगठा खोटं बोलत नाई."

त्यांना एकच प्रश्न पडला होता आणि तो त्यांनी जन्मभर सोडला नाही: ऐकणाऱ्याला ताल किती अवघड झालेला आवडतो? सोपा ताल दिला तर अंगठा हलत राहतो, पण माणूस जांभई देतो. अवघड केला की अंगठा थबकतो, माणूस पुढे सरकतो, आणि जोर पुन्हा सापडला की खुदकन हसतो. त्याहून अवघड केला की अंगठा थांबतो तो थांबतोच, आणि हात मोबाईलकडे जातो. सरांनी याचा नियमच केला होता. "एक डाव चुकवा, रसिक हसते. दोन डाव चुकवा, रसिक जागा होते. तीन डाव चुकवा त रसिक घरी जाते." आणि शेवटी बोट वर करून, जसं वर्गात प्रमेयाच्या शेवटी करत तसं: "चुकवाचं, पण हरवू द्याचं नाई."

पण स्वतः सर पुढे पुढे चालले होते. आजकालचे फ्लॅमेंकोवाले फार अवघड वाजवतात, असं ते कौतुकाने सांगायचे. जिथे ठोका यायला हवा तिथे ते गप्प बसतात आणि भलत्याच जागी बोट मारतात. मला समजावं म्हणून त्यांनी एकदा सांगितलं, "मॅडम, हे लोक अंबाडीतला फक्त 'बा' वाजवून राह्यले. 'अं' अन् 'डी' तुमी मनात म्हणा." त्यांना ते भयंकर आवडायचं. आम्हाला तेवढं नाही. एकेक शेजारी रविवारी कामात अडकू लागला. कोणाचं गॅस सिलिंडर यायचं, कोणाचा साळा यायचा. मी जात राहिले, ते खरं सांगायचं तर वहिनींच्या सांबारवड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांसाठी. माझा अंगठा कधीच हरवला होता, हे सरांना दिसत असे.

वहिनींचा अंगठा मात्र कधी हरवला नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून बसायच्या, एक पाय लांब करून, मांडीवर निवडायची भाजी. सरांनी कितीही 'अं' आणि 'डी' गिळले तरी तो जोडवं घातलेल्या बोटाशेजारचा अंगठा आपल्या जागी बरोबर खाली यायचा. त्या महिला भजनी मंडळात झांज वाजवायच्या, आणि गळ्यापेक्षा हातासाठी त्यांचं नाव होतं. नवीन काही बसवलं की सर आम्हा कोणाकडे बघायचे नाहीत, त्या एका पायाकडे बघायचे. तो हलला की त्यांची कॉलर ताठ. नवराबायकोचं प्रेम मी पुष्कळ प्रकारचं पाहिलं आहे, पण बायकोच्या अंगठ्याकडे असा जीव टांगून बघणारा नवरा एकच पाहिला.

एकदा पवनारला धाम नदीच्या काठावर आम्ही तिघं डबा घेऊन गेलो होतो. सर दगडावर बसून वाजवत होते. तिथे आश्रम बघायला आलेली एक बाई थबकली. गोरी, उन्हाने लाल झालेली, हातात काकडी. ती स्पेनची निघाली. सरांचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं होतं: बोर्डाचे परीक्षक अचानक वर्गात आल्यावर होतं तसं झालं होतं. त्यांनी आपला सगळ्यात अवघड तुकडा काढला. बाईने हौसेने टाळ्या धरल्या आणि अर्ध्या मिनिटात ती हरवली. हसत म्हणाली की ती स्पेनच्या दुसऱ्या टोकाची, तिच्याकडे हे वाजवतच नाहीत. सर हिरमुसले. पण ताल थांबला नव्हता. मागे पायरीवर बसून वहिनी डब्याच्या झाकणावर ठोके देत होत्या, अचूक. ती बाई उठून वहिनींपाशी गेली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि सरांना म्हणाली, ह्यांना तुमच्याबरोबर मंचावर बसवा.

ती बोलून गेली आणि काकडी खात निघून गेली. सरांनी ते मनावर घेतलं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात सरांचं वादन आणि वहिनींची टाळी ठरली. वहिनी नको नको म्हणत होत्या. "मी भजनातली बाई, मले चार बायाइच्या मंधात बसाची सवय. एकटीनं टाळी पिटू का?" पण तीन महिने रोज संध्याकाळी दोघांची तालीम चालली, आणि मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा वहिनींच्या गालावर एक चमक होती. हिरव्या काठाची साडी त्यांनी मला दाखवून दाखवून निवडली.

मंचावर सगळं छान चाललं होतं. निवेदन माझ्याकडे होतं, म्हणून मी पडद्याशी उभी होते आणि मला दोघं दिसत होते. सर रंगात आले. आणि रंगात आल्यावर त्यांनी एक नवीन वळण घेतलं, दोनच दिवसांपूर्वी मोबाईलवर ऐकलेलं. वहिनींना ते सांगितलेलं नव्हतं. ठोका गिळला, पुन्हा गिळला, तिसऱ्यांदा गिळला. वहिनींची टाळी एक क्षण अधांतरी राहिली आणि चुकीच्या जागी पडली.

सर थांबले. वाजवायचं थांबले, मंचावर, साऱ्या गावासमोर. माईकमध्ये म्हणाले, "आमची टाळी चुकली. पुन्हा घेतो."

सभागृह हसलं. मुलं हसली, पालक हसले. मीही हसले. ते मला आजही खातं.

वहिनींनी पुन्हा टाळी धरली आणि शेवटपर्यंत एकही जागा सोडली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला, सरांना शाल मिळाली, वहिनींना नारळ. परतीच्या गाडीत सर बोलत होते, वहिनी नारळ मांडीवर धरून बाहेर बघत होत्या. जामच्या चौरस्त्यावर गाडी थांबली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी मले सांगतलं नव्हतं."

"अवं, गमतीत बोललो मी," सर म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनी पहिल्यासारख्या पोळ्या लाटत होत्या, वड्या तळत होत्या, भजनाला जात होत्या. फक्त रविवारी चौकटीशी बसताना त्यांनी पाय लांब करणं सोडलं. दोन्ही पाय पोटाशी ओढून त्यावर पदर टाकायचा. पहिल्यांदा मला ते दिसलंच नाही, सरांना दिसलं. सोमवारी गाडीत ते दांड्यावर बोटही न टेकवता बसले होते. "मॅडम," ते म्हणाले, "हिनं पाय झाकले."

मी म्हटलं, "थंडी आहे, सर." डिसेंबर होता. पुढे मे महिना आला तरी ते पाय पदराखालीच होते. "माफी मागा," असं मी एकदा स्पष्टच सांगितलं. सरांनी मागितलीही. वहिनी म्हणाल्या, "कायची माफी? चुकली त मीच होती."

त्यानंतरच्या पावसाळ्यात वहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. सर निवृत्तीला आले होतेच, राहिलेली रजा काढून घरी बसले. वहिनींचं सगळं ते स्वतः करायचे. अंघोळ, वेणी, भरवणं, सगळं. मुलगी भिलाईहून येऊन जायची आणि रडून जायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या पायाचं काही सांगता येत नाही. सरांनी एवढंच विचारलं, "अन् डावा?" डॉक्टर म्हणाले, डाव्याला काही झालेलंच नाही.

झालं, सर कामाला लागले. पलंगाच्या पायथ्याशी तो बुटका स्टूल आला. वहिनींच्या पायांवरची चादर ते स्वतःच्या हाताने घोट्यापर्यंत दुमडायचे आणि वाजवायचे, नजर डाव्या अंगठ्यावर. आधी त्यांनी वहिनींना आवडणारे जुने अवघड तुकडे वाजवले. अंगठा हलला नाही. मग त्यांनी गिळलेले ठोके परत आणले. मग वळणं काढून टाकली. मी दर रविवारी जायची आणि दर रविवारी ताल आदल्या रविवारपेक्षा सोपा झालेला असायचा. वीस वर्षं जो डोंगर ते चढले होते तो ते पायरी पायरीने उतरत होते. ज्या माणसाला सोप्या तालाची जांभई यायची तो एकाच तारेवर बारा ठोके देत होता, तोंडाने म्हणत होता, "अंबाडी, अंबाडी, भाजी, भाजी, भाजी." सातवीच्या मुलांना सांगायचे त्याहून हळू.

वहिनी त्यांच्याकडे बघत असायच्या. डोळे शांत. पाय स्थिर.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी गेले तेव्हा सर वाजवून थकले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा त चांगला हाय ना मॅडम. मंग काऊन हालत नाई?"

मला कारण माहीत होतं. त्यांनाही होतं. मी उगाच पाण्याचा पेला सारखा केला.

तेव्हा वहिनी बोलल्या. त्यांची जीभ जड झाली होती, दिवसातून दोन-चार शब्द निघायचे, तेही ओढून. त्यांनी दोनदा ओठ जुळवले, आणि तिसऱ्यांदा शब्द बाहेर आला.

"चुकीन," त्या म्हणाल्या.

रागाने नाही. रागाने म्हटलं असतं तर सर कसेही सावरले असते. एखादी मुलगी फळ्यापाशी बोलावल्यावर बाईंना म्हणते ना, हळूच, तसं. सरांनी गिटार खाली ठेवली. वहिनींच्या डाव्या पायावर कपाळ टेकलं आणि तसेच बसून राहिले. मी चपला घालून निघून आले. सांगायला लाज वाटते, पण मी जिन्यातच रडले, पायरीवर बसून, शाळेतल्या पोरीसारखी.

वहिनी संक्रांतीनंतर गेल्या. अंगठा हलला नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनींचं भजनी मंडळ घरी आलं. बारा-तेरा बायका, सतरंजीवर गोल करून बसल्या. त्यांच्यात रीत आहे: मंडळातली बाई गेली की तिच्या घरच्या पहिल्या भजनात तिची झांज रिकामी ठेवायची नाही, घरच्या कोणीतरी वाजवायची. मुलगी स्वयंपाकघरात होती. मंडळ चालवणाऱ्या इंगोलेबाईंनी लाल पिशवीतून झांज काढली आणि सरांसमोर धरली.

"घ्या भाऊ. शोभाची हाय."

"मले नाई जमाचं जी," सर म्हणाले.

"साधं हाय. एक दोन तीन चार. घ्या."

सर बायकांमध्ये सतरंजीवर बसले. स्टूल नाही, भिंत नाही. भजन सुरू झालं. खरोखरच साधा ताल, माझा अंगठासुद्धा पहिल्याच फेरीत हलू लागला. सरांच्या हातात झांज होती आणि ती पडत नव्हती. हात वर जायचा आणि तिथेच राहायचा. एकदा पडली ती भलत्याच जागी. ज्या माणसाने बारा ठोक्यांच्या आत-बाहेर वीस वर्षं घालवली त्याला चार ठोके सापडत नव्हते. त्यांनी झांज खाली घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माह्यं."

कोणी थांबलं नाही. कोणी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. इंगोलेबाईंनी पुढची ओळ घेतली नाही, तीच ओळ पुन्हा घेतली. बायकांनी ती पुन्हा म्हटली. सरांनी झांज उचलली, पुन्हा उशीर झाला. तीच ओळ पुन्हा आली. जणू ते भजन त्या एकाच ओळीचं होतं आणि कोणाला कुठे जायची घाई नव्हती. सवयीने मी पायांकडे पाहिलं. बारा-तेरा बायकांचे भेगाळलेले अंगठे एका ठेक्यात खाली-वर होत होते, आणि मध्ये सरांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते, वहिनी घ्यायच्या तसे.

सहाव्यांदा की सातव्यांदा, मी मोजलं नाही, झांज ठोक्यावर पडली. मग दुसरी पडली. सर रडत होते आणि वाजवत होते.

बायका तेव्हाच पुढच्या ओळीवर गेल्या.